सरकीच्या दुखण्याचे आठ महिने

सरकी पहिल्यांदा पडली ती श्रावणातल्या एका सकाळी. मी चुलीवर चहा ठेवला होता आणि ती नेहमीसारखी उंबऱ्यावर बसून अंगणातल्या चिमण्या बघत होती. पकडायचं वय केव्हाच गेलं होतं, नुसतं बघायचं राहिलं होतं. उठून आत यायला लागली आणि दोन पावलं टाकून उजव्या अंगावर कोसळली. मला वाटलं, पाय घसरला. ती उठली, पुन्हा त्याच अंगावर पडली, आणि मग गोल गोल लोळायला लागली. जणू जमीनच तिच्याखाली फिरत होती. डोळे इकडून तिकडे भराभर हलत होते आणि तोंडातून लाळ गळत होती.

मी जन्मभर सुइणीचं काम केलं. नागपूरला शिकून आले, मलकापूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाई अडली की कुठल्याही खेड्याची बैलगाडी माझ्या दारात उभी राहायची. निळी पडलेली बाळं उलटी धरून रडवली, रक्ताने भिजलेल्या बाया वाचवल्या, काही वाचल्या नाहीत. पण काय करायचं ते सुचलं नाही असं कधी झालं नाही. त्या सकाळी झालं. चहा उतू जाऊन चूल विझली आणि मी जमिनीवर बसून नुसती "सरके, सरके" म्हणत राहिले.

हे लिहायला घेतलं ते ज्यांच्या घरात असं एखादं थकलेलं जनावर आहे त्यांच्यासाठी. माणसाचं दुखणं सांगता येतं, लोक विचारायला येतात, मोसंबी आणतात. मांजराचं दुखणं कुणाला सांगायचं? सांगितलं तर लोक हसतात. म्हणून मी लिहिते.

तेव्हा सरकीला एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती.

ती कुठली, कशी आली

माझ्या शेजारी पिंजाऱ्यांचं घर आहे. खैरूनबी माझ्याच वयाची, तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आता मुलगा रुई पिंजतो. त्यांच्या रुईच्या ढिगात एक मांजरी व्याली आणि तीन दिवसांनी कुत्र्याने तिला मारलं. एकच पिल्लू जगलं. पांढरं, अंगावर करडे ठिपके, कापसात राहून गेलेल्या सरकीसारखे, त्यावरूनच पुढे नाव पडलं. खैरूनबीने ते माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, तू लेकरं जगवते ना? हे जगवून दाखव."

तेव्हा माझा भाचा मुकुंद घरात होता. माझा भाऊ आणि वहिनी मानमोडीच्या तापात एका आठवड्याच्या आत गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मी बालविधवा, मला मूल नाही. त्याला मीच वाढवलं. सरकी आली तेव्हा तो इंग्रजी शाळेत जात होता आणि ती त्याच्या वह्यांवर झोपायची. पुढे तो अकोल्याला कचेरीत नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, बिऱ्हाड झालं. घरात मी आणि सरकी राहिलो. मी निवृत्त झाल्यावर तर दिवसभर दोघीच.

मुकुंद दर दिवाळीला म्हणायचा, "आत्या, चल आता अकोल्याले. इथं कोन आहे तुले?"

मी म्हणायचे, "घर कसं सोडू?" खरं कारण सांगायची लाज वाटायची. मांजर घर सोडत नाही, म्हातारं मांजर तर नाहीच, हे खरं कारण.

गुरांचा दवाखाना

ती पडली त्या दिवशी मी तिला टोपलीत घातलं, वर लुगड्याचा तुकडा टाकला आणि गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथले तायडे डॉक्टर बैलाच्या खुरात काहीतरी बघत होते. बाहेर चार बैल, एक म्हैस आणि त्यांचे धनी बसलेले. मी टोपली उघडली तेव्हा एकाने डोकावून पाहिलं आणि मोठ्याने हसला.

"बाई, हे तं मांजर होय!"

"मले दिसते," मी म्हटलं.

तायडे डॉक्टर हसले नाहीत. हात धुऊन आले. तिचे डोळे पाहिले, कानात पाहिलं, पोट चाचपलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खरं सांगू का नर्सबाई? मी बैलाचा डॉक्टर आहे. ढोरायले बुळकांडीची साथ आली तं गावच्या गाव टोचतो. पन मांजर आजलोक कोनी आनली नाही माझ्यापाशी. बैलाचं औषध हिले देल्लं तं मरून जाईन ते."

"मंग?"

"डोक्यातला तोल गेल्यासारखा दिसते. म्हाताऱ्या कुत्र्याले होते असं, मी पाह्यलं आहे. आठ-दहा दिवसांत उतरते कधी कधी. पानी पोटात जाऊ द्या. पडू देऊ नका. बाकी…" त्यांनी हात वर केले.

इतकंच. पण त्या 'कधी कधी'वर मी घरी आले. वाटेत तो शब्द मी किती वेळा मनात म्हटला, सांगता येणार नाही. दवाखान्यात मी स्वतः बायांच्या नातेवाइकांना कितीदा तरी सहज म्हणायचे, "होतं बरं कधी कधी." ऐकणारा तो शब्द पदराला बांधून घरी नेतो, हे मला साठीत कळलं.

बोळा आणि यखनी

पहिले तीन दिवस ती उभी राहू शकत नव्हती. मी एका घमेल्यात जुनं गोधडं घालून तिच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजायची काचेची नळी माझ्या पेटीत होती, त्या नळीने साखर-मिठाचं पाणी सरकीच्या ओठाच्या कडेने घालायचे. दूध बोळ्याने. खैरूनबीने पिंजलेल्या कापसाचे बोळे वळून दिले. लघवीला नेताना तिला दोन्ही हातांनी धरून राखेच्या घमेल्यावर उभं करायचं, ती माझ्या मनगटावर डोकं टेकायची आणि लाजल्यासारखी दुसरीकडे बघायची. मांजरांना लाज असते. माझा हा अनुभव आहे.

चौथ्या दिवशी तिने दूधही नाकारलं. खैरूनबी कुंपणापलीकडून बघत होती.

"बाई, दुधानं काय होते? तिले यखनी पाह्यजे, मटनाचं पानी. माझ्या लेकाच्या बाळंतपनात मले ताप आला तं मी यखनीवरच उठली होती."

आमच्या घरात कधी मांस शिजलं नाही. मी विधवा, गळ्यात तुळशीची माळ. सरकी बाहेर काय खाते ते तिचं ती बघायची, मी विचारत नसे. माझा हात माळेकडे गेला. खैरूनबीला ते कळलं.

"मी करून आनतो. बाहेर अंगनात पाज. तुझ्या घरात नाही आनत."

"आत आन," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. एवढ्या वर्षांच्या शेजारात ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कधी आली नव्हती. मी बोलावलं नव्हतं हेच खरं. संध्याकाळी ती पितळेच्या वाटीत यखनी घेऊन आली, चपला बाहेर काढून आत आली आणि मी सरकीचं डोकं धरलं, तिने नळी धरली. सरकीने पहिला थेंब चाटला. मग दुसरा. खैरूनबी म्हणाली, "पाह्य, पाह्य, पेऊन राह्यली." मी मान खाली घातली, कारण मला रडायला आलं होतं आणि ते कशाकशाचं होतं ते मला नीट माहीत नव्हतं.

गल्लीत बोलणं झालं. व्हायचं ते होतंच. दोन घरच्या बाया माझ्याकडे पाणी प्यायच्या बंद झाल्या.

दहा-बारा दिवसांत सरकी चालायला लागली. मान मात्र एका बाजूला वाकडी राहिली, जन्मभर काहीतरी विचारत असल्यासारखी.

दाराबाहेर उभं राहणं

ती बरी झाली तरी माझं मन काही बरं झालं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. एकदा असं झालं की मग रोजचा दिवस पूर्वीसारखा राहत नाही. ती झोपलेली असली की मी वाकून पोट हलतंय का बघायचे. तिने पाणी जास्त प्यायलं की धसका, कमी प्यायलं की धसका. बाजारातून परत आले की कडी उघडायच्या आधी मी दाराबाहेर उभी राहायचे. हाक मारायचे नाही. हाक मारली आणि आतून आवाज आला नाही तर? हातात भाजीची पिशवी, आणि मी आपल्याच दारात परक्यासारखी उभी.

एकदा दवाखान्यात मलम आणायला गेले. सरकीच्या कोपराला पडून पडून जखम झाली होती. कंपाउंडर माझ्या ओळखीचा. "कोनासाठी पाह्यजे, बाई?"

"शेजारच्या लेकराले," मी म्हटलं.

खोटं बोलून आले. मांजर म्हणायची लाज वाटली. त्या काळात धान्य नीट मिळत नव्हतं, रॉकेलसाठी रांग, लढाईवर गेलेल्या कुणाकुणाच्या पोरांचा पत्ता नव्हता. आणि मी मांजराच्या कोपरासाठी मलम मागत होते. पण घरी येऊन तिला मलम लावताना ती हळूच गुरगुरली, तेव्हा मला कुणाचीच लाज वाटली नाही. ती लाज दाराबाहेरच असते.

अकोल्याला जायचा दिवस

मुकुंदची बायको इंदू. तिची दोन बाळंतपणं अर्ध्यावर गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने स्वतः मला पत्र लिहिलं होतं: आत्याबाई, या वेळी तुम्हीच पाहिजे. तुम्ही असल्या की मी भिणार नाही. मी लिहिलं, येते. कार्तिकात दिवस भरत होते.

खैरूनबी म्हणाली, "जाय तू. मी पाह्यतो सरकीले." मी पेटी भरली, काचेची नळी तिच्यापाशी दिली, सगळं समजावलं. दुपारच्या पॅसेंजरने निघायचं होतं.

त्या सकाळी सरकी झोपेतून उठली, पाण्याच्या रांजणाकडे निघाली आणि सरळ रांजणावर आपटली. मागे सरली, भिंतीवर आपटली. मग जागच्या जागी उभी राहून ओरडायला लागली. तसा आवाज मी तिचा एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. मी जवळ गेले. तिचे डोळे पूर्ण काळे झाले होते, उन्हात धरले तरी बाहुली लहान होत नव्हती. मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. काही नाही.

ती आंधळी झाली होती. रात्री झोपताना दिसत होतं, सकाळी नव्हतं.

मी हात काढला की ती ओरडायची. हात ठेवला की थांबायची. खैरूनबी आली, तिने उचललं तर सरकीने तिलाही ओरबाडलं, वासाने ओळखूनसुद्धा. मी पेटीकडे पाहिलं, सरकीकडे पाहिलं. मला माहीत होतं काय करायला हवं होतं. एकीकडे घरची सून होती, दोन लेकरं गमावलेली, माझी वाट बघत असलेली. दुसरीकडे एक मांजर. कुणालाही विचारा.

मी गेले नाही.

मनाची समजूत घातली, अजून चार दिवस आहेत, उद्या जाईन. सरकी जरा निवली तशी पोस्टात जाऊन तार केली: तब्येत ठीक नाही, आज येत नाही. कुणाची तब्येत ते लिहिलं नाही. शब्द वाचवले असं म्हणेन मी, पण खरं म्हणजे धैर्य झालं नाही.

मुकुंद

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला दारात टांगा थांबला. मुकुंद उतरला. अंगावर कचेरीचा कोट, दाढी वाढलेली, डोळे लाल. मिळेल त्या गाडीने निघाला होता. मला उभी बघून तो दारातच थांबला.

"आत्या, तू… तू तं बरी आहे!"

"हाव. मले काही नाही झालं."

"मंग तार?"

मी सरकीकडे बोट दाखवलं. ती माझ्या चटईवर बसली होती, मान वाकडी, डोळे उघडे, कशाकडेच न बघणारे.

त्याने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "मांजरीपायी, आत्या?"

"डोळे गेले रे तिचे. काल सकाळी. मी हात काढला की—"

"इंदूले कालपासून कळा येऊन राह्यल्या बारीक बारीक. मी तिले टाकून आलो. मले वाटलं तू मरून राह्यली." त्याचा आवाज फुटला. "मले वाटलं, मी पोहोचीन तोवर तू राहत नाही."

मी म्हटलं, "मी येतो. आत्ताच चल. मी येतो तुझ्यासंग."

"नको येऊ."

त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना सरकीजवळ क्षणभर थांबला. वाकला. मला वाटलं हात लावेल. नाही लावला. टांगा तसाच उभा होता, त्यातच बसून परत गेला.

मी त्याच्या मागच्या गाडीने जाऊ शकले असते. हे मी पुष्कळदा मनाशी बोलले आहे. 'नको येऊ' म्हणाला म्हणून राहिले, की राहायचंच होतं म्हणून त्याचं म्हणणं धरून बसले, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

चार दिवसांनी इंदूच्या भावाचं कार्ड आलं. मुलगी झाली. बाळंतिणीला फार त्रास झाला, अशक्त आहे, दुसरी नर्स होती. मुकुंदराव गाडीत होते तेव्हाच बाळ झालं. त्याखाली सही. बारशाचं बोलावणं आलं नाही. पाच महिने एकही पत्र आलं नाही.

आंधळ्या मांजरासोबत राहताना

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना थोडं सांगते. घरातली एकही वस्तू हलवू नका. पाण्याचं भांडं, राखेचं घमेलं, चटई, सगळं जिथल्या तिथे. खोलीत शिरताना बोला, काहीही बोला, नाहीतर ती दचकते. मी सगळं मोठ्याने सांगायला लागले. "सरके, मी आली. सरके, डाळ निवडून राह्यली." अकोल्याहून कार्ड आलं तेही मी तिला वाचून दाखवलं. दुसरं कोण होतं?

पंधरा दिवसांत ती मिशांनी घर ओळखायला लागली. भिंतीच्या कडेने चालत रांजणापर्यंत जायची, ओल लागली की थांबायची. डोळे गेल्याचं दुःख तिच्यापेक्षा मलाच जास्त दिवस राहिलं असं मला वाटतं.

आणि सगळं गोड नव्हतं, तेही सांगते. ती गोधडीत लघवी करायला लागली. मी साठीची बाई, थंडीत रोज गोधड्या धुवायची. माघात तिने दोन दिवस काही खाल्लं नाही, ओकत राहिली, अंगाची नुसती काठी झाली. तायडे डॉक्टर सायकलवरून स्वतः बघायला आले, मी बोलावलं नव्हतं. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "नर्सबाई, क्लोरोफॉर्म आहे माझ्यापाशी. तिले काही कळनार नाही. तुमी म्हनान तेव्हा."

दुसऱ्या दिवशी मी तिला टोपलीत घेऊन निघाले. तिच्यासाठी निघाले की माझ्यासाठी? खरं सांगायचं तर माझ्यासाठी. मी थकले होते. आणि मनाच्या तळाशी एक घाणेरडा विचार होता, की ही गेली तर मी अकोल्याला जाऊन मुकुंदपुढे उभी राहू शकेन. गुरांच्या दवाखान्याच्या वळणापर्यंत गेले. तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती म्हणून थांबले. टोपलीतून तिने डोकं वर काढलं आणि वारा हुंगायला लागली, नाकपुड्या हलवत, चवीने. आंधळी, वाकडी, हाडांची मोळी, आणि वारा हुंगत होती. मी परत फिरले.

दुसऱ्या कुणी त्या वळणावरून पुढे गेलं तर मी त्याला नाव ठेवणार नाही.

चैत्र

त्यानंतर ती दोन महिने जगली. चैत्रात ऊन तापलं तशी ती रांजणाखालच्या ओलीत पडून राहायची. एके दुपारी मी नळी तोंडाशी नेली आणि तिने तोंड फिरवलं. पूर्वीही फिरवायची, पण त्यात राग असायचा. आता नव्हता. मी नळी खाली ठेवली. तिला मांडीवर घेतलं आणि तिचा पंजा धरून बसले.

खैरूनबी यखनीची वाटी घेऊन आली, बघितलं, वाटी बाजूला ठेवून माझ्या शेजारी बसली. श्वास येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. बराच वेळ असं चाललं.

"बाई," खैरूनबी म्हणाली, "हात सोड तिचा. तू धरून बसली म्हनून ते जाऊन नाही राह्यली."

मी माणसांचे असे शेवट पाहिले आहेत. बायांना मी हेच सांगितलं आहे. तरी मला ते कुणाकडून तरी ऐकावं लागलं. मी पंजा सोडला. थोड्या वेळाने सरकीने पाय ताणले, झोपेतून उठताना ताणायची तसे, आणि मग ती नव्हती.

खैरूनबीच्या परसात कडुलिंबाखाली आम्ही दोघींनी खड्डा केला. जमीन कडक होती. आम्ही आळीपाळीने खणलं.

कार्ड

घरी आल्यावर सवयीने मी बोलले, "सरके, मी आली." मग जेवले नाही. पुढचे चार दिवस घरात माझा आवाजच नव्हता, कारण बोलायचं निमित्तच गेलं होतं. एकटेपणाचा आवाज असतो असं लोक म्हणतात. मला तर कुठलाच ऐकू आला नाही.

पाचव्या दिवशी मुकुंदचं कार्ड आलं. पाच महिन्यांनंतरचं पहिलं. मुलगी आता बसायला बघते, पडते, हसते. इंदूची तब्येत सुधारली आहे. आणि अगदी खाली, जागा संपत आली तिथे, बारीक अक्षरात: सरकी कशी आहे?

मी कार्ड घेऊन उंबऱ्यावर बसले. उत्तर लिहायला दोन दिवस लागले. 'बरी आहे' असंही एकदा लिहिलं, फाडलं. मी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लोकांनी माझ्याकडे मागायचं आणि मी पेटी उचलून जायचं, असंच आयुष्य गेलं. शेवटी लिहिलं: सरकी गेली. त्या दिवशी मी यायला हवं होतं. इंदूला सांग. बाळाला बघायला येऊ का?

आठ दिवस उत्तर नाही. मी समजले, उत्तर हेच.

नवव्या दिवशी दुपारी टांगा आला. त्यातून एकटी इंदू उतरली, कडेवर मूल, हातात गाठोडं. मुकुंदला रजा मिळाली नव्हती. मी दारातून बाजूला झाले. ती आत आली, बाळाला चटईवर ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आत्याबाई, तुम्हाले न्यायले नाही आली मी. चार दिवस राहाले आली."

"राह्य," मी म्हटलं. "राह्य ना."

पाणी दिलं. ती प्यायली. तांब्या खाली ठेवताना म्हणाली, "मी लय भ्याली होती त्या दिवशी. दोनदा तुमचं नाव घेतलं. तुमी नव्हत्या."

"हाव," मी म्हटलं. "मी नव्हती."

दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं, आणि ती ते ऐकायला आली होती असंही वाटलं नाही. बाळ चटईवर तोल सावरत बसलं होतं, एका बाजूला कललं, मी हात पुढे केला. इंदूने मला थांबवलं नाही. मी तिला उचललं. सहा महिन्यांची, जड, उबदार पोर. तिने माझ्या गळ्यातली माळ मुठीत धरली.

"ह्यांनी सांगितलं," इंदू म्हणाली, "त्यांच्या वहीवर झोपायची म्हने ते. मी पाह्यलीच नाही तिले कधी नीट." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "कशी गेली?"

मला ते कुणीच विचारलं नव्हतं. खैरूनबी तिथेच होती, तिला विचारायची गरज नव्हती. बाकी गावात मांजर मेलं तर कोण विचारतो?

मी भिंतीला टेकून बसले, बाळाला मांडीवर घेतलं आणि श्रावणातल्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली. उंबरा, चहा, ते गोल गोल लोळणं. ऊन कलेपर्यंत सांगत होते. इंदूने मला मध्ये एकदाही थांबवलं नाही.